चपला, मोबाइल, सदरा

प्रवासाला निघालेला मराठी माणूस बॅगेत आधी महाराष्ट्र भरतो आणि जागा उरली तर कपडे. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या, बेसनाचे लाडू आणि एक डबा असा, की ज्यात काय आहे हे घरच्यांनी नीट सांगितलेलं असतं, पण आपण ऐकलेलं नसतं. याशिवाय काही सामान विमानतळावरच्या यंत्रालाही दिसत नाही. आपला हुद्दा, आपलं वेळापत्रक, आपली हिंदी आणि आपला इतिहास. या सामानाला वजन भरपूर असतं, फक्त ते बरोबरच्यांना उचलावं लागतं.

उत्तरेकडे हे सगळं खपून जातं. काशीचा नावाडी आपली हिंदी न हसता ऐकून घेतो, हरिद्वारचा हॉटेलवाला रोटीला पोळी म्हटलेलं चालवून घेतो. दक्षिणेची रीत वेगळी. दक्षिण भांडत नाही, आवाज चढवत नाही. ती फक्त एक खिडकी दाखवते. खिडकीमागे एक माणूस बसलेला असतो. तो म्हणतो, चपला इकडे. पुढच्या गावी म्हणतो, मोबाइल इकडे. त्याच्याही पुढच्या गावी म्हणतो, सदरा काढा. प्रत्येक वेळी टोकन मिळतं आणि प्रत्येक वेळी वस्तू जशीच्या तशी परत मिळते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण चेन्नईहून तंजावर, रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी असं उतरत तिरुवनंतपुरमला पोचेपर्यंत माणसाजवळ त्याचं स्वतःचं असं फारसं काही उरत नाही.

आम्ही सहा जण. साताऱ्याला कॉलेजच्या वसतिगृहात एका मजल्यावर राहिलो, मग पांगलो, आणि पुढची चाळीस वर्षं प्रत्येकानं आपापलं वजन वाढवण्यात घालवली, दोन्ही अर्थांनी. निवृत्तीनंतर पुन्हा एकत्र आलो तेव्हा नावं गेली होती आणि हुद्दे आले होते. साहेबांचं आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामात गेलं. निवृत्तीचा आदेश त्यांना मिळाला, पण तो त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोचलेला नाही. एकाच बादलीनं आंघोळ केलेल्या माणसाला ‘अहो’ म्हणायची वेळ आमच्यावर आली ती त्यांच्यामुळे. ‘अरे’ म्हटलं तर त्यांना ऐकूच येत नसे. खजिनदार बँकेत होता. त्याच्या छातीच्या खिशात एक वही असते आणि तिच्यात आमच्या प्रत्येकाच्या नावाचं एक पान. कंट्रोलर एसटीत वाहतूक नियंत्रक होता, म्हणून सहलीचं वेळापत्रक त्याच्याकडे. मास्तरानं जन्मभर गणित शिकवलं आणि आता तो इतिहास बोलतो. अप्पा भाविक आणि पोळीभक्त. देव की पोळी असा प्रसंग आला तर तो देवाची क्षमा मागेल. सहावा मी. माझं काम मागच्या सीटवर बॅगा धरून बसणं.

चेन्नईला गाडी आणि ड्रायव्हर मिळाला. पोरसवदा, अबोल, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. आम्ही काहीही सांगितलं की तो “ओके सार्” म्हणायचा आणि त्याला योग्य वाटेल तेच करायचा. साहेबांना दोनच तासांत आपल्या जुन्या ऑफिसची आठवण यायला लागली.

साहेबांच्या हिंदीचा एक नियम आहे. समोरच्याला वाक्य समजलं नाही, तर तेच वाक्य दुप्पट मोठ्यानं म्हणायचं. पहिल्याच चहाच्या टपरीवर त्यांनी “शक्कर कम” हे इतक्या चढत्या आवाजात सांगितलं, की शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. टपरीवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “सार्, शुगर लेस?” साहेब म्हणाले, “यस.” व्यवहार चार शब्दांत मिटला, पण साहेब मिटले नाहीत. एवढ्या मोठ्या देशात थोडी हिंदी शिकायला काय हरकत आहे, या विषयावर ते पुढचा तासभर बोलले. शेवटी खजिनदारानं विचारलं, “साहेब, आपण तमिळनाडूत आलोय, की तमिळनाडू तुमच्या केबिनमध्ये आलंय?”

दुपारी केळीच्या पानावर जेवण. पाटीवर ‘मील्स’ एवढंच लिहिलेलं, आणि त्या एका शब्दामागे अख्खी शिस्त उभी. आधी भात आणि सांबार, मग भात आणि रसम, मग भात आणि ताक. मधे विचार करायला वेळ नाही. वाढपी बादली घेऊन येतो, आपण ‘नको’ म्हणायला तोंड उघडतो, तोवर ‘न’ आणि ‘को’च्या मधल्या फटीत भात पडलेला असतो. अप्पानं हात वर करून विचारलं, “चपाती?” वाढपी न थांबता म्हणाला, “नाइट ओन्ली सार्.” पोळीलाही कामाच्या वेळा असतात हे अप्पाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तो रात्री सगळ्यांच्या आधी टेबलाशी जाऊन बसला, तर पुढ्यात आला परोटा. मैद्याचा, गरमागरम, पदर न् पदर सुटलेला. “ही पोळी नव्हे, हे पोळीचं सोंग आहे,” असं म्हणून अप्पानं तीन सोंगं संपवली.

पानावर रसम खाणं ही मात्र विद्या आहे. पान सपाट, रसम पातळ आणि उतार नेहमी आपल्या मांडीकडे. शेजारच्या पानावरचे स्थानिक गृहस्थ तळहाताच्या एका वळणानं सगळं थोपवून धरत होते. साहेबांनी आधी पाहणी केली, मग भाताचा रीतसर बांध घातला, मधे सांडव्याला जागा ठेवली आणि रसम सोडायला सांगितलं. पहिल्याच आवर्तनाला बांध फुटला. पँट बदलून आल्यावर साहेबांनी कारण सांगितलं: भात मोकळा होता, भराव दबला नाही.

तंजावर हा मास्तराचा दिवस होता. गाडीत बसल्यापासून तो मोबाइल समोर धरून बोलत होता. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास इथे गादी स्थापन केली. १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर असताना महाराजांची आणि त्यांची भेट झाली, तेव्हा विषय निघाला वडिलांच्या जहागिरीतल्या वाट्याचा. “म्हणजे एवढ्या लांब येऊनही विषय वाटणीचाच,” खजिनदार समाधानानं म्हणाला. तंजावरचं मराठी राज्य १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा करेपर्यंत टिकलं. आम्ही गावात शिरलो ते मास्तराच्या लेखी आपल्याच मुलखात शिरलो. ड्रायव्हरनं पार्किंगचे पैसे मागितले तेव्हा मास्तराला ते थोडं लागलं.

कंट्रोलरच्या कागदावर बृहदीश्वराची वेळ होती दुपारी पाऊण ते दोन. देवळात पोचलो तेव्हा कळलं की गाभारा साडेबाराला बंद झाला, आता उघडणार चारला. कंट्रोलरनं आयुष्यभर उशिरा येणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. गाडी वेळेवर आणि मुक्कामाचं ठिकाणच बंद, हा अनुभव नवा होता. त्यानं पहारेकऱ्याला आपला कागद दाखवला. पहारेकऱ्यानं तो आदरानं वाचला आणि आदरानं परत दिला. दुपारी झोपणाऱ्या पुण्याच्या दुकानदारांना आम्ही सातारकरांनी जन्मभर नावं ठेवली. इथे राजराज चोळानं १०१० साली पूर्ण केलेल्या देवळातला देव तेच करत होता. नावं कोणाला ठेवणार? कंट्रोलरनं कागदाची घडी घातली. पुढच्या गावापासून वेळ ड्रायव्हर सांगायचा आणि कंट्रोलर “ओके सार्” म्हणायचा.

गाभारा बंद असला तरी पटांगण खुलं होतं, आणि चपला खिडकीत गेल्या होत्या. फेब्रुवारीतल्या दुपारी त्या फरसबंदीवर अनवाणी चालून पाहावं. साहेब तपासणीला निघाल्याच्या चालीनं निघाले, दहा पावलांवर चाल जरा जलद झाली, विसाव्या पावलाला साहेब उड्या मारत होते. आम्ही पाचही जण मिळेल त्या सावलीकडे पळालो. मास्तर मात्र मोबाइल वाचत मागून येत होता. “या विमानाची, म्हणजे शिखराची, उंची दोनशे फुटांच्या वर,” तो म्हणाला, “आणि चमत्कार असा, की याची सावली जमिनीवर पडत नाही!” आम्ही पाच जण त्या सावलीत उभे राहून हे ऐकत होतो. मास्तर मात्र तत्त्वासाठी उन्हात थांबला.

आवाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला मराठी लेख आहे, भोसले घराण्याचा सगळा इतिहास सांगणारा. घरापासून एवढ्या दूर, चोळांच्या दगडावर आपली भाषा ओळीमागून ओळ चाललेली बघून आम्ही खरोखरच गप्प झालो. तेवढ्यात पांढरी वेष्टी नेसलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी विचारलं, कुठून आलात. मराठीत विचारलं. ठेका तमिळ, शब्द जुन्या वळणाचे, पण मराठीच. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी कुटुंबं तंजावरात आजही आहेत, त्यांतले ते होते. साहेब सगळ्यांत पुढे उभे होते. ते छाती पुढे काढून म्हणाले, “जी हाँ, हम लोग महाराष्ट्र से आए हैं.”

गृहस्थ क्षणभर थांबले. या मनुष्याला मराठी येत नाही, अशी त्यांची समजूत झाली असावी. मग मोठ्या सौजन्यानं ते इंग्रजीत बोलू लागले.

आम्ही पाच जण आपल्याला मराठी येतं हे सिद्ध करण्यासाठी एकदम बोलायला लागलो, पण वेळ निघून गेली होती. त्या दिवसानंतर सहलीत साहेबांची हिंदी कोणी ऐकली नाही. चहावाल्यांना ते बोटांनी सांगत, आणि चहा पहिल्यापेक्षा लवकर येई.

रामेश्वरचा रस्ता अप्पाचा. त्यानं काशीहून आणलेला गंगाजलाचा सीलबंद गडू साताऱ्यापासून जपला होता. काशीची गंगा रामेश्वरावर घालायची आणि मगच यात्रा पुरी झाली म्हणायची. वाटेत पाण्याच्या बाटल्या संपल्या, दुकान दिसेना, आणि मास्तराचा घसा बोलून बोलून कोरडा पडला. त्याची नजर गडूवर स्थिरावली. “अप्पा,” तो म्हणाला, “एकनाथ महाराजांनी रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली होती.” अप्पा गडू मांडीवर घट्ट धरून म्हणाला, “एकनाथ महाराज व्हायची माझी तयारी आहे. तुला काय व्हावं लागेल ते बघ.” पांबन येईपर्यंत मास्तरानं पाणी मागितलं नाही.

पांबनच्या पुलावर सगळे खिडकीला चिकटले. एका बाजूला १९१४ मध्ये सुरू झालेला जुना रेल्वेपूल, त्याच्याजवळ २०२५ मध्ये सुरू झालेला नवा, जहाज आलं की मधला गाळा सरळ वर उचलून वाट देणारा. सहा निवृत्त माणसं निळ्या समुद्राकडे बघत होती, आणि तेवढा वेळ गाडीत कोणाचंच म्हणणं नव्हतं.

रामेश्वरात चपला तर जातातच, पण कोरडेपणाही जातो. देवळाच्या आवारात बावीस तीर्थं आहेत. बहुतेक विहिरीच. काठावर माणूस उभा असतो, दोरीला बांधलेली बादली आत सोडतो, खेचतो आणि समोर येईल त्याच्या डोक्यावर ओततो. की पुढची विहीर. बावीस थांब्यांची फेरी म्हटल्यावर कंट्रोलरमध्ये जीव आला. “तीन नंबर झालं, चार डावीकडे, रेंगाळू नका,” असं ओरडत तो ओल्या बनियनमध्ये सगळ्यांच्या पुढे धावत होता, आणि मागून येणारी एक अनोळखी तेलुगू मंडळीसुद्धा त्याच्या इशाऱ्यानं वळत होती. साहेबांनी पाचव्या विहिरीपाशी हात वर करून “थोडं, थोडं” अशी खूण केली. काठावरच्या माणसानं ती खूण ‘अजून थोडं’ अशी घेतली. मास्तराचा चष्मा, अप्पाचं गंध, साहेबांचा भांग, काहीही जागेवर राहिलं नाही. खजिनदारानं मोबाइल खोलीवर ठेवला होता, पण वही प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून छातीशी धरली होती. बादली आली की तो पाठ वळवायचा.

ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही. कोरडे कपडे घालून आम्ही त्या प्रसिद्ध प्राकारात आलो. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोक दिसत नाही इतका लांब. अप्पाचा गडू देवाला पोचला. बाहेर आल्यावर त्याचे हात रिकामे होते आणि पुढचे दोन दिवस त्यांना काय करावं हे सुचत नव्हतं.

मदुराईत मीनाक्षीच्या देवळाबाहेर मोबाइल जमा करावे लागतात. पाच जणांनी दिले. मास्तरानं दिला तो आतल्या आत काहीतरी निखळावं तसा. देवळात शिरलो, रंगीत मूर्तींनी भरलेलं गोपुर डोक्यावरून गेलं, आणि आम्ही सवयीनं मास्तराकडे पाहिलं. मास्तर गप्प. हे कधी बांधलं? मास्तर म्हणाला, “फार जुनं आहे.” कोणी बांधलं? “राजांनी.” त्याचा सगळा इतिहास खिडकीत टोकन क्रमांक घेऊन बसला होता.

मग आम्ही एक वाटाड्या घेतला. हजार खांबांच्या मंडपात तो इंग्रजीत म्हणाला, नाव हजार, खांब प्रत्यक्षात ९८५. खजिनदार जागच्या जागी थांबला. “पंधरा कमी?” वाटाड्या हसला. खजिनदार हसला नाही. “आणि हे इतकी वर्षं हजार म्हणूनच दाखवतायत?” त्यानं पुढचा अर्धा तास मूर्तींकडे लक्ष दिलं नाही, तो खांबांच्या रांगा मोजत चालला होता, आणि कुठेतरी फरक सापडेल अशी त्याला आशा होती.

या देवळाला चार दिशांना चार मोठी गोपुरं आणि चार दारं. आत चार वळणं घेतली की दिशा संपतात. आम्ही चुकामूक होऊन पांगलो, आणि कोणाच्याच खिशात कोणाला शोधायचं साधन नव्हतं. मग जुन्या काळची माणसं करायची तेच आम्ही न ठरवता केलं. एकेक जण पाण्याच्या दिशेनं गेला. सुवर्णकमळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर एकामागून एक सहाही जण उगवले आणि तिथंच बसले. कोणी फोटो काढत नव्हतं, कोणी बातमी वाचून दाखवत नव्हतं. मास्तरानं घसा खाकरला आणि त्याला पाठ असलेला एकमेव इतिहास सांगायला घेतला. वसतिगृहाचा. मेसच्या आमटीत डाळीचा दाणा सापडला म्हणून झालेला सत्कार, बंद दाराच्या वरच्या फटीतून रात्री आत सोडलेला कंट्रोलर, आणि वाऱ्यानं उडेल असा एक काटकुळा मुलगा, ज्याला सगळा मजला... इथे मास्तर थांबला. आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे न बघण्याची काळजी घेतली. साहेब तळ्याकडे बघत होते. निघताना कळलं की आम्ही चुकीच्या दारानं बाहेर आलोय. चपला आणि मोबाइल दुसऱ्या दिशेला. अर्ध्या देवळाला अनवाणी वळसा पडला. कोणी कुरकुर केली नाही. तळव्यांना सवय झाली होती.

कन्याकुमारीला सूर्योदयासाठी पहाटे उठवण्याचं काम पुन्हा कंट्रोलरकडे आलं. सहा चाळीसचा सूर्य. सव्वासहापासून किनाऱ्यावर सगळा भारत उभा, नजरा पूर्वेला. सहा चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, ढग हलेना. कंट्रोलरनं घड्याळ पाहिलं आणि त्याच्या तोंडून जुन्या सवयीनं निघालं, “उशिरानं येत आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी.” सातला सूर्य ढगाच्या वर निघाला तेव्हा तो अर्धा रस्ता आधीच चालून आलेला होता, आणि तरीही लोकांनी टाळ्या वाजवल्या. एसटीला कधी कोणी अशा वाजवल्या नाहीत, असं कंट्रोलर म्हणाला.

बोटीनं विवेकानंद शिलेवर गेलो. हे स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते एकनाथ रानडे यांच्या खटपटीनं, आणि रानडे अमरावती जिल्ह्यातले. सरकारी मदतीबरोबरच त्यांनी देशभरातल्या सामान्य माणसांकडून एक-एक, दोन-दोन रुपये गोळा केले होते. हे ऐकल्यावर खजिनदाराच्या डोळ्यांत आम्ही प्रथमच भक्ती पाहिली. बोटीत परतताना त्यानं सगळ्यांकडून वर्गणीचा पुढचा हप्ता मागितला, रानड्यांचं नाव घेऊन, म्हणून कोणाला नाही म्हणता आलं नाही. शेजारच्या खडकावर तिरुवळ्ळुवरांचा दगडी पुतळा आहे. त्यांच्या तिरुक्कुरळचे अध्याय १३३, म्हणून पुतळ्याची उंची चौथऱ्यासकट १३३ फूट. मदुराईच्या पंधरा खांबांपासून अस्वस्थ असलेला खजिनदार तिथं शांत झाला. अखेर दक्षिणेत एक हिशेब जुळला होता.

तिरुवनंतपुरमला दुपारच्या जेवणात पानावर जाड तांबूस भात आला, ग्लासात गुलाबी कोमट पाणी आलं, आणि अप्पानं काही म्हणता काही मागितलं नाही. पोळीची आशा त्यानं मदुराईतच सोडली होती. आणि आता नेमकं त्याच्या पानावर काहीतरी पिवळं, मऊ, गोल येऊन पडलं. आत डाळीचं पुरण. वाढपी म्हणाला, बोळी. वर त्यानं डावभर पायसम ओतलं. अप्पा बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग त्यानं जेवायला सुरुवात केली ती कोणाशी न बोलता संपवली. कसं होतं, असं विचारल्यावर तो भरल्या आवाजात म्हणाला, “वर तूप पाहिजे होतं.”

संध्याकाळी पद्मनाभस्वामी. इथली खिडकी शेवटची आणि इथे सगळंच ठेवायचं. चपला, मोबाइल, बॅग, पट्टा, पँट आणि सदरा. पुरुषांनी मुंडू नेसायचा, वर उघडं. जवळच्या दुकानातून सहा पांढरे मुंडू घेतले आणि नेसण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मुंडूला नाडी नाही, बटण नाही. तो विश्वासावर उभा असतो, आणि साठी उलटलेल्या पोटावर विश्वास घसरतो. साहेबांनी गाठ मारायची तांत्रिक योजना मांडली. कोणी ऐकली नाही, कारण रसमचा बांध सगळ्यांच्या लक्षात होता. दुकानातला मुलगा आला आणि त्यानं प्रत्येकाला दोन हिसक्यांत बांधून दिलं. खजिनदारानं खूप विचार केला, पण उघड्या अंगावर वही ठेवायला जागा निघेना. त्यानं ती सदऱ्याच्या घडीत ठेवून खिडकीत दिली, आणि टोकन मुठीत धरलं.

मग आम्ही रांगेत लागलो. सहा उघडी पोटं, सहा पांढरे मुंडू, आणि प्रत्येकाचा डावा हात आपापल्या गाठीवर. ज्या देवळाची तळघरं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं उघडली आणि सोन्या-रत्नांचा ढीग बघून जग थक्क झालं, ज्याचं एक तळघर तेव्हाही बंदच राहिलं, त्या देवळात आम्ही खिशाविना चाललो होतो. आत देव शेषावर निजलेला. मूर्ती एवढी लांब, की एका दारातून मावत नाही. तीन दारांतून तिचे तीन भाग बघायचे. दुपारच्या झोपेवरून एका देवावर रुसलेला कंट्रोलर इथे काही बोलला नाही. या देवाचं रूपच शयनातलं.

रांग हळूहळू सरकत होती. कोण साहेब, कोण मास्तर, कोण बँकेत होता, हे सांगणारं अंगावर काहीही नव्हतं. उघड्या अंगाची सहा माणसं एका रांगेत, कमरेचं धरून, आपला नंबर कधी येतो हे बघत उभी. वसतिगृहाच्या न्हाणीघराबाहेर सकाळी सातला अगदी असेच उभे असायचो. पुढची माणसं सरकली, मधे फट पडली, आणि मागून अप्पाच्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, “ए मुंगळ्या, सरक की पुढं!”

आम्ही श्वास रोखला. साहेब वळले. पोटावरची गाठ सावरत म्हणाले, “सरकतोय ना लेका, ढकलतोस काय?”

बस. त्या क्षणाला चाळीस वर्षांचं वजन कुठल्या खिडकीत जमा झालं कोणास ठाऊक. मास्तर खिदळला, कंट्रोलर खिदळला, पुढच्या मल्याळी गृहस्थांनी मागे वळून बोट ओठांवर ठेवलं तेव्हा सहाही जणांनी एकदम खाली मान घातली. तेवढ्यात खजिनदारानं संधी साधली. तो मुंगळ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, “मुंगळ्या, मेसचे अठरा रुपये राहिलेत तुझ्याकडे. शेवटच्या वर्षाचे.”

“वही कुठाय?”

“वही बाहेर आहे. पण तेवढं पान पाठ आहे.”

मुंगळ्यानं उजवा हात सवयीनं छातीवर खिशाच्या जागी नेला. तिथे फक्त छाती होती. “देतो रे,” तो म्हणाला, “खरंच देतो. सदरा बाहेर आहे.” आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं, तो खरं बोलत होता.

दर्शन झालं. बाहेर आलो, टोकनं दिली, सामान परत मिळालं. साहेबांनी सदरा चढवला, बटणं गळ्यापर्यंत लावली, पट्टा आवळला, चष्मा पुसून नाकावर ठेवला आणि म्हणाले, “चला, गाडी मागवा.” खजिनदार वही उघडून पुढे झाला. “अहो साहेब, ते अठरा रुपये...”

“कोणते अठरा?”

खजिनदारानं वाद घातला नाही. वहीचं कोरं पान काढून त्यानं पुढच्या सहलीचं ठिकाण तिथल्या तिथे लिहून टाकलं: गुरुवायूर. आम्ही कारण विचारलं. तो म्हणाला, “तिथंही सदरा काढूनच आत जावं लागतं.”